मोर्चात घोषणा देणारे आम्ही खिडकीपाशी गप्प का होतो?

टिळकवाडीकर (धागालेखक)

बेळगाव, खानापूर किंवा निपाणीत मराठी घरात वाढलेल्या माणसाला बोलता येत नाही असे म्हटले, तर महाराष्ट्रातल्या वाचकाला ते खरे वाटणार नाही. त्याने आम्हाला पाहिलेले असते ते १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत, दंडाला काळी फीत बांधलेले, नाहीतर १७ जानेवारीला हुतात्म्यांना अभिवादन करताना. 'बेळगाव, कारवार, निपाणी, बीदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' ही घोषणा आमच्याकडच्या पोरांच्या कानावर पाळण्यापासून असते. तरीही तेच पोर पुढे कॉलेजच्या वर्गात, बँकेत, तहसीलदार कचेरीत किंवा बसमध्ये एकटे उभे राहिले, की त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. हा धागा त्या न फुटणाऱ्या शब्दाविषयी आहे.

थोडी पार्श्वभूमी देतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि तत्कालीन मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा, चंदगड तालुका वगळून, म्हैसूर राज्यात गेला. त्यानंतरचा इतिहास, म्हणजे १९६७ चा सीमावादावरचा महाजन आयोगाचा अहवाल आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला महाराष्ट्राचा दावा, येथील बहुतेकांना ठाऊक आहे. त्याची चर्चा या धाग्यावर करू नये, ही विनंती, कारण ती सुरू झाली की आम्ही पुन्हा घोषणाच देऊ लागतो.

भाषिक अल्पसंख्याक असण्यात एक विचित्र गोष्ट आहे. २०११ च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्यात मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे १८ ते १९ टक्के होते, पण गणपत गल्लीत उभे राहून त्यांना वेगळे काढून दाखवा म्हटले, तर कोणालाही ते जमणार नाही. रंगरूप तेच, पोशाख तोच, सौंदत्तीच्या यल्लम्माला जाणारे दोन्ही भाषांचे, आणि मराठी खेड्यांतसुद्धा कल्लाप्पा, मल्लाप्पा, भरमाण्णा ही नावे घरोघर सापडतात. पाटील आणि देसाई तर दोन्हीकडे आहेत. आम्ही अल्पसंख्याक आहोत हे समोरच्याला कळते ते केवळ आमचे तोंड उघडल्यावर. गप्प राहिलेला मराठी माणूस कोणाच्याच डोळ्यांवर येत नाही, आणि ही सोय मूल फार लहानपणी हेरते. एकदा हेरली की ती त्याच्या अंगवळणी पडते. मग भीतीचे कारण उरले नाही तरी गप्प राहण्याची सवय उरते.

माझ्यापुरते सांगायचे तर हे पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, उघड झाले. दहावीपर्यंत सगळे शिक्षण मराठीतून झाले होते आणि वर्गात हात वर करणाऱ्या मुलांपैकी मी एक होतो. पुढे विज्ञान शाखेत पुस्तके इंग्रजीत आली, आणि ती समजावून सांगितली जात कन्नडातून, कारण वर्गातल्या बहुसंख्य मुलांना त्याने समजत असे. शिकवणारे सर भले होते आणि त्यांच्या दृष्टीने ते योग्यच करत होते. मला शंका सुचायची मराठीत, तिचे इंग्रजी जुळवायला वेळ लागायचा, आणि ते जुळेपर्यंत सर फळ्याच्या दुसऱ्या टोकाला पोहोचलेले असायचे. मी वहीच्या शेवटच्या पानांवर शंका लिहून ठेवू लागलो, समोर पुस्तकातला पान क्रमांक, आणि खाली उत्तरासाठी दोन ओळींची रिकामी जागा. वर्ष संपले तेव्हा ती पाने दाट भरलेली होती आणि रिकाम्या जागा बहुतेक रिकाम्याच होत्या. आमच्या बाकावरच्या तिघांच्या वह्या अशाच होत्या, पण एकमेकांना त्या दाखवायचे आम्हाला कधी सुचले नाही.

मला वाटते त्यामागे आणखी एक कारण आहे, आणि ते आमच्याकडे कोणी फारसे बोलून दाखवत नाही. आमच्या वतीने बोलणारा कोणीतरी असतो, हे आम्ही गृहीत धरून वाढलो. निवेदन महाराष्ट्र एकीकरण समिती देते, मोर्चा समिती काढते, दावा महाराष्ट्र शासन लढवते. ज्या पिढीने हे उभे केले तिच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. परंतु त्याचा परिणाम असा झाला, की स्वतःच्या रेशनकार्डावर चुकलेले नावसुद्धा आपण एकट्याने, आपल्या तोंडाने दुरुस्त करून मागायचे असते, हे आम्हाला कोणी शिकवले नाही. २०१३ साली कर्नाटक विधानसभेत समितीचे दोन आमदार होते. २०१८ आणि २०२३ साली एकही निवडून आला नाही. आपल्या वतीने बोलणारा कमी झाला की माणसाने स्वतः बोलायला लागावे, अशी अपेक्षा असते. आमच्याकडे तसे झालेले मला दिसत नाही.

नोकरीसाठी पुण्याला गेल्यावर हा प्रश्न सुटेल असे वाटले होते. तिथे आमची मराठी ऐकून लोक हसले. माझ्या बहिणीने कार्यालयात 'मी जेवून येतो' म्हटले (आमच्याकडे बायका असेच बोलतात, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही) आणि तिची आठवडाभर नक्कल झाली. ती तिथेही कमी बोलू लागली.

आपल्यापैकी जे या भागात वाढले आहेत त्यांनी, आणि जे दुसऱ्या कोणत्या भाषेच्या मुलखात अल्पसंख्याक म्हणून वाढले आहेत त्यांनीही, आपले अनुभव लिहावेत.

खानापूरची

टिळकवाडीकर, आपण वर्ग आणि कचेरी यांविषयी लिहिले आहे. मी दवाखान्याविषयी लिहिते, कारण आमच्या भागातल्या मुलांना पहिल्यांदा बोलावे लागते ते स्वतःसाठी नव्हे, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी.

माझ्या आजीला कन्नड अजिबात येत नसे. तालुक्याच्या दवाखान्यात नवे डॉक्टर आले, ते दक्षिणेकडचे होते आणि त्यांना मराठी येत नव्हती. घरात शाळेत कन्नड शिकणारा एकटा माझा धाकटा भाऊ होता, म्हणून सहावीतल्या त्या मुलाला दुभाषा म्हणून बरोबर नेत असत. मी दाराशी बसलेली असे. आजी सगळे नीट सांगायची: लघवीला आग होते, रात्री चारदा उठावे लागते, अंगावर जाते, आणि हे सुनेला सांगायची लाज वाटते. भाऊ थोडा वेळ जमिनीकडे पाहायचा आणि डॉक्टरांना सांगायचा, 'होट्टे नोवु', म्हणजे पोट दुखते. त्याला ते शब्द कन्नडात येत नव्हते हे खरे आहे, पण येत असते तरी अकरा वर्षांच्या मुलाने ते उच्चारले नसते. डॉक्टर पोटाच्या गोळ्या द्यायचे. आजी घरी येऊन म्हणायची, डॉक्टर चांगला आहे, सगळे ऐकून घेतो.

शेवटी शेजारच्या एका कन्नड मावशीने तिला पुन्हा नेले आणि एका फेरीत काम झाले. मला या प्रसंगात जी गोष्ट विलक्षण वाटते ती ही, की आजीचा आवाज अगदी खणखणीत होता. तो वाटेत कापला जात होता. आणि तो कापणाऱ्या मुलाला लोक हुशार म्हणत होते, कारण त्याला दोन भाषा येतात.

जुना_कार्यकर्ता

धागालेखकांनी मांडलेल्या एका गोष्टीला हरकत नोंदवतो. 'आमच्या वतीने बोलणारा आहे म्हणून आम्ही गप्प राहिलो' हे विधान तरुण पिढीला सोयीचे आहे. ते पूर्ण खरे नाही. घराघरांतून मुलांना गप्प राहायला सांगितले गेले, त्याचे कारण खटले होते.

१९८६ च्या जूनमध्ये कन्नड सक्तीच्या विरोधात आंदोलन झाले, गोळीबार झाला, माणसे गेली. त्यानंतर ज्यांची नावे कागदावर आली त्यांच्या तारखा वर्षानुवर्षे चालल्या. शेतातली कामे टाकून न्यायालयाच्या व्हरांड्यात बसलेली माणसे मी पाहिली आहेत, आणि त्यांची मुले त्यांना डबा घेऊन यायची, तीही पाहिली आहेत. जुलै २०१४ मध्ये यळ्ळूरचा 'महाराष्ट्र राज्य' असा फलक हटवल्यानंतर जी पोलीस कारवाई झाली, तिची दृश्ये तर सर्वांनीच दूरचित्रवाणीवर पाहिली. अशा गावातली आई मुलाला 'तू पुढे होऊ नकोस, उद्या नोकरीला पोलीस पडताळणी लागते' असे सांगते, तेव्हा तिला भित्री म्हणणे अन्यायाचे आहे. घोळक्यात आवाज दिला तर तो कोणाचा हे कळत नाही. एकट्याने दिला तर नावानिशी नोंदला जातो. मोर्चात आवाज मोठा आणि खिडकीपाशी मौन, याचा उलगडा माझ्या मते इथे आहे.

टिळकवाडीकर

काका, आपले म्हणणे मला मान्य आहे, आणि ते मी लिहायला हवे होते असे वाचक म्हणतील तर तेही मान्य आहे. फक्त एक सांगतो. खटल्याची भीती फलक लावणाऱ्याला असणे समजू शकते. पण बसमध्ये 'पुढच्या थांब्यावर उतरायचे आहे' हे सांगण्यावर कोणताही खटला होत नाही, आणि आमची मुले तेसुद्धा सांगत नाहीत. कोणी दुसरा उतरला की त्याच्यामागून उतरतात. भीती मोठ्या गोष्टीची होती, पण गप्प राहणे सगळ्या लहान गोष्टींवर पसरले.

पुणेकर_वाचक

विषय चांगला मांडला आहे. एक प्रामाणिक शंका विचारतो, राग नसावा. जवळजवळ सत्तर वर्षे ज्या राज्यात राहिलो त्याची भाषा शिकून घेतली असती, तर यातले निम्मे प्रश्न उद्भवलेच नसते, नाही का? बंगळूरला गेलेले आमचे नातेवाईक दोन वर्षांत कामापुरते कन्नड बोलू लागले.

मराठी_शाळेतली_बाई

पुणेकर, हा प्रश्न आम्हाला दर उन्हाळी सुट्टीत पाहुण्यांकडून ऐकावा लागतो, म्हणून सविस्तर उत्तर देते. मी सीमाभागातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात शिकवते.

आमची मुले कन्नड शिकत नाहीत हा गैरसमज आहे. कन्नड हा विषय त्यांना आहे, आणि २०१५ च्या कन्नड भाषा शिक्षण कायद्यानंतर तो टाळता येण्यासारखा नाही. दहावीला प्रथम भाषा १२५ गुणांची असते, ती आमच्या मुलांची मराठी. कन्नड १०० गुणांची. त्या शंभरात ऐंशीच्या पुढे गुण मिळवणारी मुले माझ्या वर्गात दरवर्षी असतात. त्यांतल्या एखाद्या मुलीला बाजारात नेऊन 'भाजीवालीला भाव विचार' म्हणा, ती माझ्याकडे पाहत राहते.

याचे कारण शिकवण्याच्या पद्धतीत आहे. धड्याखालचे प्रश्न ठरलेले, त्यांची उत्तरे फळ्यावर लिहून दिलेली, कविता पाठ, पत्रलेखनाचा नमुना पाठ. कन्नड लिपी मुलांना सुरेख येते, कधी कधी कन्नड माध्यमाच्या मुलांपेक्षाही वळणदार. परंतु कन्नड तासात कन्नड बोलले जात नाही, कारण चुकीचे बोलले तर वर्ग हसेल ही भीती मुलांना असते आणि अभ्यासक्रम पुरा होणार नाही ही भीती शिक्षकांना असते. शिवाय पुस्तकातली कन्नड म्हैसूरच्या वळणाची, आणि आमच्या बाजारातली कन्नड धारवाडी वळणाची, निम्मे शब्द मराठीतून घेतलेली. पुस्तकातले वाक्य बाजारात म्हटले तर भाजीवालीलाही हसू येते.

आणि बंगळूरला गेलेल्या आपल्या नातेवाइकांविषयी. ते तिथे पाहुणे म्हणून गेले. पाहुण्याने मोडकीतोडकी भाषा बोलली की लोक कौतुक करतात. आमचा मुलगा तेवढीच मोडकी कन्नड बोलला की त्याला विचारतात, इथेच जन्मलास ना, मग अजून येत नाही? या एका प्रश्नानंतर मूल पुढच्या खेपेला तोंड उघडत नाही, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे.

गेल्या काही वर्षांपासून मी नववीच्या वर्गात एक साधा उपक्रम करते. दर शनिवारी एका मुलाने खिडकीमागचा कारकून व्हायचे आणि एकाने अर्जदार. कारकून झालेल्याने कन्नडातच बोलायचे आणि थोडे खेकसायचे (हे काम मुले फार आवडीने करतात). अर्जदाराने आधी मराठीत मागणी सांगायची, मग कन्नडात सांगायची, आणि उत्तर मिळेपर्यंत खिडकी सोडायची नाही. पहिले काही शनिवार सगळे अर्जदार खिडकी सोडून जागेवर येऊन बसत. भाषा येत नाही म्हणून नव्हे. समोरचा खेकसला की परत विचारायचे असते, हेच त्यांना माहीत नव्हते.

सोलापूरचा_कन्नडिग

मी या धाग्यावर लिहावे की नाही याचा विचार करत होतो, परंतु धागालेखकांनी दुसऱ्या भाषेच्या मुलखात वाढलेल्यांनाही बोलावले आहे, म्हणून लिहितो.

माझे घर अक्कलकोट तालुक्यात आहे आणि घरची भाषा कन्नड आहे. प्राथमिक शिक्षण कन्नड शाळेत झाले. आमची पुस्तके बालभारतीच छापते, त्यामुळे गणितातली उदाहरणे पुण्यातली आणि भाषा कन्नड, असा प्रकार असे. पुढे मराठी माध्यमात आलो आणि वर जे जे लिहिले आहे ते ते, फक्त बाजू उलटी करून, माझ्या वाट्याला आले. 'ळ' आणि 'ण' मला चांगले येत, पण लिंगाचा घोटाळा होई. कन्नडात निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगीच असतात. मराठीत 'तो दिवा' आणि 'ती वात' हे पाठच करावे लागते. मी 'ती दिवा' म्हटले आणि वर्गाने मला पुढे वर्षभर त्याच नावाने हाक मारली. त्यानंतर मी वाक्ये अशी रचू लागलो की ज्यांत लिंग येणारच नाही. 'मला पाहिजे', 'मला नको', 'चालेल'. एवढ्या तीन शब्दांवर माणूस शाळेची बरीच वर्षे काढू शकतो.

नोव्हेंबर २०२२ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यातल्या कन्नड गावांवरून दोन्ही राज्यांच्या नेत्यांची विधाने सुरू झाली, तेव्हा माझ्या कार्यालयातल्या एका स्नेह्याने सहज विचारले, 'मग तुम्ही आता कुठे?' प्रश्न थट्टेचा होता. मी हसलो आणि काही बोललो नाही. बेळगावच्या माझ्या मित्रांना हा प्रश्न किती वेळा विचारला जात असेल, याची मला त्या दिवशी कल्पना आली.

महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सर्व शाळांत मराठी सक्तीची केली आहे, आणि माझ्या मुलीला तिचा फायदाच होतो आहे, हे मी नाकारत नाही. मात्र बेळगावच्या सक्तीविषयी लिहिणाऱ्या महाराष्ट्रातल्या वृत्तपत्रांत अक्कलकोटच्या कन्नड शाळांतल्या रिकाम्या जागांविषयी एक ओळ क्वचितच येते. ती यावी असे वाटते.

टिळकवाडीकर

आपण लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. 'लिंग येणार नाही अशी वाक्ये' हे वाचून मी थबकलो. आमच्याकडे कन्नड बोलताना नेमके हेच होते, फक्त आम्ही क्रियापद गाळतो. वस्तूचे नाव घ्यायचे आणि बोटाने दाखवायचे. पुढचे समोरच्याने समजून घ्यायचे.

निपाणीचा_तंबाखूवाला

सगळ्या सीमाभागाला एका मापाने मोजू नये, असे सुचवतो. निपाणीच्या बाजारपेठेत मराठी बोलायला कोणी बिचकत नाही. उलट बदली होऊन आलेला कन्नड कारकूनच महिन्याभरात मराठी शिकतो. आमच्याकडे गप्प होते ते भाषेमुळे नव्हे, तर गरिबीमुळे. तंबाखूच्या वखारीत चाळण मारणाऱ्या बायका आणि विड्या वळणाऱ्या बायका, मराठी असोत की कन्नड, मालकापुढे बोलत नसत.

१९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर येऊन बसले, तेव्हा माझे वडील त्यांत होते. सीमाप्रश्न तेव्हाही पेटलेलाच होता. पण रस्त्यावर मराठी शेतकऱ्याशेजारी कन्नड शेतकरी बसला होता, आणि कोण कोणत्या भाषेत बोलतो याकडे लक्ष द्यायला कोणाला सवड नव्हती. गोळीबार झाला, शेतकरी मारले गेले. वडील सांगत की आयुष्यात पहिल्यांदा ते ध्वनिक्षेपकासमोर उभे राहिले ते तिथे. त्याआधी भाषेच्या सभांना ते नेहमी जात, पण मागे बसत. भावाचे बोलायचे म्हटल्यावर ते उभे राहिले, कारण तंबाखूचा भाव काय पडतो आणि मजुरी किती जाते हे सांगायला त्यांना कोणाकडून भाषण लिहून घ्यावे लागले नाही.

म्हणून माझे मत असे आहे, की मुलांना 'मराठी म्हणून बोला' असे सांगत बसण्यापेक्षा त्यांना ज्याची पुरी माहिती आहे अशा विषयावर बोलायला उभे करावे.

जुना_कार्यकर्ता

निपाणीकरांशी मी अंशतः सहमत आहे. तथापि भावाचे आंदोलन संपले की शेतकरी घरी जातो. पीक उताऱ्यावर त्याचे नाव त्याला वाचता येत नाही, हा प्रश्न मात्र रोज उरतो. आमच्याच घरात आजोबांच्या खरेदीचा कागद मोडीत आहे, वडिलांच्या वाटणीचा कागद देवनागरीत आहे आणि आजचा संगणकावरचा उतारा कन्नडात आहे. तीन पिढ्यांची जमीन एकच. माझे नाव त्या उताऱ्यावर बरोबर आहे की नाही, हे मला शाळकरी नातीला विचारावे लागते.

वकिली_पेशा

या चर्चेत कायद्याचा मुद्दा अजून आलेला नाही, म्हणून थोडक्यात मांडतो. संविधानाच्या अनुच्छेद ३५० प्रमाणे, कोणत्याही व्यक्तीला आपल्या तक्रारीच्या निवारणासाठी केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे, त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत अर्ज करण्याचा हक्क आहे. बेळगाव जिल्ह्यात मराठी वापरात आहे याविषयी वाद संभवत नाही. त्यामुळे 'अर्ज मराठीत आहे' एवढ्याच कारणावरून तो नाकारणे योग्य नाही. मात्र याच अनुच्छेदाने उत्तर मराठीतच मिळावे असा हक्क दिलेला नाही, हेही लक्षात ठेवावे. आपल्याकडचे बरेच जण इथे गल्लत करतात आणि मग निराश होतात.

दुसरी गोष्ट १५ टक्क्यांची. १९५६ चे केंद्राचे निवेदन आणि १९६१ ची मुख्यमंत्र्यांची परिषद यांतून भाषिक अल्पसंख्याकांसाठी संरक्षणाची जी योजना ठरली, तिच्यात जेथे अल्पसंख्याकांचे प्रमाण १५ टक्के किंवा अधिक आहे तेथे महत्त्वाच्या सूचना आणि नियम त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध करावेत, असे आहे. जिल्ह्याचा आकडा वर आलेलाच आहे. बेळगाव आणि खानापूर तालुक्यांत तो त्याहून बराच मोठा आहे. ही योजना न्यायालयातून सक्तीने राबवून घेणे अवघड जाते. तिच्यावर देखरेख ठेवण्यासाठी अनुच्छेद ३५० ख खाली भाषिक अल्पसंख्याक आयुक्त नेमलेले असतात. एके काळी त्या आयुक्तालयाचे विभागीय कार्यालय बेळगावातच होते. आयुक्त राष्ट्रपतींना अहवाल देतात आणि तो संसदेपुढे ठेवला जातो, आणि अहवालात जायला तक्रार लेखी लागते. मोर्च्यातल्या घोषणेची तिथे नोंद होत नाही.

माझ्याकडे येणाऱ्या पक्षकारांपैकी फार थोड्यांनी आयुष्यात एकदा तरी स्वतःच्या सहीने मराठी अर्ज दिलेला असतो.

पीयूसीतली

मी सध्या पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सगळ्यांनी आपल्या काळाविषयी लिहिले आहे, म्हणून आताचे सांगते. आता शंकांची वही कोणी ठेवत नाही. मोबाईलवर शोधून शंका फिटते. त्यामुळे वर्गात न बोलणे आणखी सोपे झाले आहे. आमच्या वर्गातल्या मराठी मुलांचा वेगळा गट आहे, कन्नड मुलांचा वेगळा, आणि वर्गाच्या एकत्र गटात सगळे इंग्रजीत लिहितात आणि कोणी काही विचारत नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये बसमध्ये भाषेवरून मारहाणीचा प्रकार झाला आणि दोन राज्यांमधल्या बसगाड्या काही दिवस बंद होत्या. तेव्हा आम्ही मैत्रिणी बसमध्ये फोनवर आईशीसुद्धा मराठीत बोलत नव्हतो. आमच्यासोबतची कन्नड मैत्रीण बाजूला बसून म्हणाली, तुम्ही बोला, मी आहे. तरी आम्ही बोललो नाही. नंतर तिच्या भावाला कोल्हापूरला जायचे होते तेव्हा तिने मला विचारले, तिथे त्याने कन्नडात फोन घेतला तर चालेल का? मला पटकन 'हो' म्हणता आले नाही.

वकीलकाकांना एक विचारायचे आहे. माझ्या उत्पन्नाच्या दाखल्यावर वडिलांचे नाव चुकले आहे. नाडकचेरीत (तालुक्याखालच्या महसूल कार्यालयात) दोनदा गेलो. खिडकीमागच्या व्यक्तीने 'कन्नडदाग हेळ्री', म्हणजे कन्नडात सांगा, असे म्हटले आणि बाबा मागे फिरले. मला कन्नड लिहिता येते, बोलताना अडखळते. मी मराठीत अर्ज दिला आणि त्यांनी घेतलाच नाही, तर काय करायचे?

वकिली_पेशा

अर्ज अवश्य द्यावा. दोन प्रती काढा. वरच्या भागात मराठी मजकूर आणि त्याखाली तोच मजकूर कन्नडात, आपल्याला शाळेत शिकवलेल्या पत्राच्या नमुन्यात, आपल्याच अक्षरात लिहा; याने आपला कोणताही हक्क कमी होत नाही आणि काम लवकर होते. चुकलेले नाव आणि बरोबर नाव दोन्ही लिपींत, वेगळ्या ओळीवर, ठळक लिहा, कारण पुष्कळदा चूक लिप्यंतरात होते आणि तोंडी सांगून ती पुन्हा तशीच होते. सोबत वडिलांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्याची प्रत जोडा.

खिडकीवर न देता टपाल विभागात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय निघू नका. घेण्यास नकार दिला तर वाद घालू नका. तोच अर्ज तहसीलदारांच्या नावे टपालाने पाठवा आणि पोहोच जपून ठेवा. उत्तर कन्नडात येईल. ते आपल्याला वाचता येते, ही आपली जमेची बाजू आहे.

मराठी_शाळेतली_बाई

आणि बाबांना बरोबर न्या, परंतु बोला तुम्ही. अडखळलात तर अडखळा. तो शनिवारचा खेळ तुम्ही आमच्याच शाळेत खेळला असाल असे लिहिण्यावरून वाटते. तसे असेल तर कारकून खेकसला की काय करायचे ते तुम्हाला ठाऊक आहे. अर्जाचे काय झाले ते इथे कळवा, म्हणजे या वर्षीच्या नववीला तोच अर्ज सरावाला देता येईल.